हिलाल नानांनी हात खिशात ठेवला तेव्हा

हिलाल नाना कुणालाही एकदम उत्तर देत नसत. प्रश्न विचारला की आधी तो प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवायचा, ही त्यांची पद्धत. "म्हणजे तुम्हाला साक्रीवरून पिंपळनेरला जायचंय, अन् उजेडात पोचायचंय. बरोबर?" समोरच्याने मान हलवली की मगच उत्तर. तेवढ्यावरही ते सोडत नसत. "आता तुम्ही मला सांगा, उभं कुठं राहणार?" माणूस वैतागायचा, पण सांगायचा. आणि सांगता सांगता त्यालाच कळायचं की आपण भलत्याच फलाटाकडे निघालो होतो.

धुळ्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची नोकरीतली बहुतेक वर्षं गेली. मला ते भेटले ते निवृत्तीनंतर, आणि तेही इंटरनेटवर. 'खानदेश कोश' नावाचं एक संकेतस्थळ आहे. गावागावांची माहिती लोकांनीच लिहायची, लोकांनीच सुधारायची, मालक कुणीच नाही, असा त्याचा कारभार. तिथे प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चेचं पान असतं. लेखात काय चुकलं, काय घालावं, याची बोलणी त्या पानावर होतात. नाना तिथे नव्या माणसांना उत्तरं देत. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल, तरी ती सगळी पानं उघडली की अजून त्यांचंच बोलणं ऐकू येतं.

माझी आणि त्यांची गाठ माझ्या एका चुकीमुळे पडली. माझं सगळं शिक्षण जळगावात, पण इंग्रजी शाळेत. मराठी बोलता येई, लिहायची वेळ कधी आली नव्हती. चोपड्याजवळच्या माझ्या आजोळच्या गावाबद्दल कोशात काहीतरी चुकीचं दिसलं, म्हणून मी चर्चेच्या पानावर एक प्रश्न टाकला. मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत. सही कशी करायची ते माहीत नव्हतं, आणि माझा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तरी वाक्याच्या बरोबर मधोमध जाऊन बसला. तासाभरात 'वाघूर' या नावाने लिहिणाऱ्या एका जुन्या सदस्याने खाली लिहिलं, "देवनागरीत लिहावे. सही करावी. इतरांचे लेखन बिघडवू नये. नियम वाचावेत." पुढे नियमांच्या सात पानांचे दुवे. मी लॅपटॉप मिटला. मला असं कुणी चारचौघांत बोललं की मी त्या जागेकडे पुन्हा फिरकत नाही. भांडत नाही, खुलासा देत नाही, नुसती नाहीशी होते.

दोन दिवसांनी ईमेल आली, तुमच्या प्रश्नाला उत्तर आलंय म्हणून. उघडून पाहिलं तर माझा प्रश्न उचलून खाली स्वतंत्र जागी ठेवला होता, देवनागरीत उतरवला होता, त्याखाली माझं नाव लावलं होतं. आणि खाली लिहिलं होतं, "तुमचं म्हणणं असं आहे की गावातली शाळा लेखात दिलेल्या सालाच्या आधीची आहे, कारण तुमची आजी त्या शाळेत जायची. बरोबर समजलो का? तसं असेल तर लेख चुकला, तुम्ही नाही." मी एका शब्दाचं उत्तर दिलं, "हो." पुढे त्या कोशावर माझं जे काही झालं, त्याची सुरुवात त्या एका शब्दात आहे.

प्रत्यक्ष भेट झाली जळगावातल्या एका कॉलेजात. कोशाच्या सदस्यांचा मेळावा होता. मी दाराजवळची खुर्ची धरली होती, म्हणजे वेळ पडली तर सटकता येईल. दाराच्या दुसऱ्या अंगाला एक उंच, काटकुळे, पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ उभे होते. आत येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत होते, "कुठून आलात? बसायला जागा दिसली का?" मला वाटलं संयोजक असतील. नंतर कळलं, त्यांना कुणी ते काम दिलेलंच नव्हतं.

"तूच ना ती आजीच्या शाळेची?" मी नाव सांगितल्यावर ते म्हणाले. "ऋतुजा. बेटा, दार मी सांभाळतो. तू आत सरक."

त्यांची प्रश्न परत म्हणायची सवय कुठून आली, ते त्यांनी त्याच दिवशी चहाच्या वेळी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीचे दिवस. एका माणसाने खिडकीपाशी येऊन विचारलं, "चोपडानी गाडी कव्हय शे?" नानांनी मान वर न करता सांगितलं, साडेअकरा, फलाट चार. साडेतीनला ड्यूटी संपवून बाहेर पडले तर तो माणूस बाकावर बसलेला. गाडी येऊन गेली होती. त्याला पाटी वाचता येत नव्हती, आणि चार नंबरचा फलाट कुठला हे दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटली होती.

"माझं उत्तर चुकलं नव्हतं बघ," नाना म्हणाले. "वेळ बरोबर, फलाट बरोबर. अन् माणूस चार तास बसून होता. त्या दिवशी मला कळलं, बरोबर उत्तर वेगळं अन् पोचलेलं उत्तर वेगळं. आपली ड्यूटी पोचलेल्या उत्तराची आहे."

असं सगळं सांगितलं की नाना फार थोर वाटतील, म्हणून दुसरी बाजूही सांगते. ते हट्टी होते. जुन्या गाड्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ होत्या आणि त्याचा त्यांना विलक्षण गर्व होता. भेटेल त्याची परीक्षा घेत. कोशात त्यांनी बंद पडलेल्या गाड्यांवर लांबलचक लेख लिहिले होते आणि खाली संदर्भ म्हणून दिलं होतं, 'मी स्वतः'. वाघूर यांनी ते लेख काढून टाकले तेव्हा नाना आठवडाभर फुगून बसले होते. टायपिंग एका बोटाने. देवपुरातल्या त्यांच्या घरी काकू भाजी निवडत बसलेल्या असायच्या आणि नाना खिडकीशी फोन घेऊन. काकू मला म्हणायच्या, "स्टँड सुटनं, पन खिडकी काही सुटनी नही." नाना माझ्याशी शुद्ध मराठीत बोलत, काकूंशी अहिराणीत. राग आला किंवा आनंद झाला की मात्र माझ्याशीही अहिराणीच.

आता त्या चर्चेच्या पानांची अडचण सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. त्या पानावर उत्तर द्यायला 'उत्तर' असं काही बटणच नव्हतं. अख्खं पान उघडायचं, सगळ्यांच्या बोलण्याच्या गर्दीत आपली जागा शोधायची, ओळीच्या आधी जितकी आत सरकवायची तितकी विसर्गासारखी टिंबं द्यायची, आणि शेवटी सहीसाठी एक नागमोडी चिन्ह चार वेळा टाकायचं. ते चिन्ह मोबाईलच्या मराठी कळफलकावर सापडतच नाही. जुन्या सदस्यांना हा सगळा हातचा मळ होता. नवा माणूस यायचा, अडखळायचा, बोलणी खायचा आणि जायचा.

आणि आपल्याकडच्या लोकांची अडखळण्याची रीतही खास होती. ते चर्चेच्या पानावर अर्ज लिहीत. 'प्रति, मा. संपादक साहेब. विषय : गावाची माहिती दुरुस्त करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की...' खाली 'आपला विश्वासू', पूर्ण नाव, मुक्काम पोस्ट, तालुका शिंदखेडा आणि मोबाईल नंबर. कोशाच्या नियमात फोन नंबर उघडा ठेवता येत नाही, आणि तिथे साहेब तर कुणीच नव्हता. जुने सदस्य असले अर्ज सरळ उडवून टाकत. "हे सरकारी कार्यालय नाही," असं एकाने लिहिलंही होतं.

नाना त्यावर चिडत. "त्याला जी रीत येते ती घेऊन तो आला. मान देऊन बोलतोय बिचारा. आपली खिडकी उंच आहे, त्याला टाचा वर कराव्या लागतात, अन् आपण म्हणतो नीट उभा राहा."

मी जळगावात घरूनच एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करते. कोश ज्या यंत्रणेवर चालतो तिच्यात उत्तराच्या बटणाची सोय आधीपासून आहे, नुसती सुरू करायची राहिली आहे, हे माझ्या लक्षात आलं. बटण दाबायचं, एक चौकट उघडते, लिहायचं, पाठवायचं. जागा, सही, सगळं ती यंत्रणा बघते. फक्त मराठी शब्द बसवायचे होते, आणि सदस्यांची सहमती हवी होती. नानांना सांगितलं तर ते उठून उभे राहिले. बटणावर 'बोला' लिहा, असा त्यांनी हट्ट धरला. "खिडकीवर आम्ही तेच म्हणतो." ते जमलं नाही, 'उत्तर द्या' ठरलं. पण प्रस्ताव मी मांडला, माझ्या नावाने. माझ्यासाठी ते धाडसच होतं.

वाघूर यांनी विरोध केला. ते चोपड्याकडचे एक प्राध्यापक. माणूस कडक होता, पण खोटा नव्हता. त्यांचं म्हणणं असं की बटण दिलं की उथळ बडबड वाढेल. "चार चिन्हे टाकायचे कष्ट ज्याला नकोत, तो लेख काय लिहिणार?" आणि पुढचं वाक्य जास्त अडचणीचं होतं. "गेल्या दोन महिन्यांतील नवागतांची कोणतीही चर्चा उघडून पाहा. सर्व पाने व्यवस्थित आहेत. अडचण आहे कुठे?"

मी पानं उघडून पाहिली. खरंच व्यवस्थित होती. प्रत्येक प्रश्न आपल्या जागी, प्रत्येकाखाली सही, फोन नंबर कुठेही नाही. मला कळेना. कोशात प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो, कुणी केव्हा काय बदललं ते सगळं त्यात राहतं. तो उघडला आणि प्रकार समजला. 'सही जोडली.' 'जागा बदलली.' 'फोन नंबर झाकला, सदस्यास कळवले.' प्रत्येक वेळी नाना. कुणी चुकलं की तासाभरात नाना येऊन निस्तरून जात, तेही इतरांच्या नजरेस पडायच्या आत. जे त्यांच्या हातून निसटत तेवढेच अर्ज वाघूरांच्या तावडीत सापडत. किती माणसं अडखळली ते कुणालाच दिसत नव्हतं, कारण नानांनी खड्डा बुजवला नव्हता, पडलेल्या प्रत्येकाला उचलून धूळ झटकून पुढे पाठवलं होतं.

मी धुळ्याची बस पकडली. जे सांगायचं होतं ते फोनवर सांगता आलं नसतं. खरं म्हणजे समोर बसूनही येईना. काकूंनी दिलेला चहा मी नुसता ढवळत बसले.

"बोल ना बेटा. गाडी चुकेल तुझी," नाना म्हणाले.

"नाना, तुम्ही ती पानं नीट करणं थांबवा. आठ दिवस."

"का?"

"तुम्ही आहात म्हणून कुणाला काही दिसत नाही. वाघूर सर खोटं बोलत नाहीयेत. त्यांना खरंच दिसत नाही."

सवयीप्रमाणे त्यांनी माझं म्हणणं परत म्हणून दाखवलं, पण खूप हळू. "म्हणजे माणूस खिडकीशी येणार. अडणार. कुणीतरी त्याला हाकलणार. अन् मी बघत बसायचं."

"आठच दिवस."

"कोणाले तरी परत धाडानं पडी," ते काकूंकडे बघत म्हणाले. कुणाला तरी परत पाठवावं लागेल. "इतल्या वरीसमा एक मानूस मी खिडकीवरथीन परत धाडा नही."

काकू म्हणाल्या, "पोर बरोबर सांगस. तुम्ही काय जलमभर पुरनार शेतस का?"

नाना उठून मला स्टँडवर सोडायला आले. गाडी सुटताना म्हणाले, "ठीक. हात खिशात."

त्यानंतरचे आठ दिवस ते मला रोज सकाळी फोन करत. "शिंदखेड्याचा एक आलाय. अर्ज केलाय. सही नाही. मी फक्त सांगतोय, हात खिशात आहे." दुसऱ्या दिवशी, "त्या शिंदखेड्याच्याला झापलं गं. मी आपला बघतोय." त्यांच्या आवाजावरून कळत होतं की झोप बरी लागत नाही. मी कागदावर एकेक नोंद करत होते आणि मनातल्या मनात स्वतःला सांगत होते, की हे सगळं नव्या माणसांसाठीच चाललंय.

पाचव्या दिवशी एक अर्ज आला. पिंपळनेरजवळच्या एका गावातून, अंगणवाडी सेविका रंजना यांचा. 'विषय : फड बंद पडला असे लिहिलेले काढणेबाबत. महोदय, विनंती करते की आमच्या गावाचा फड बंद पडलेला नाही. फड चालू आहे. माझे सासरे आजही पाटकरी आहेत. त्यांचे नाव लिहावे ही नम्र विनंती.' खाली फोन नंबर. पांझरा नदीच्या काठच्या काही गावांत फड ही पाणीवाटपाची जुनी व्यवस्था आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी शेतकऱ्याने स्वतः सोडायचं नाही. ते पाटकरी सोडतो, प्रत्येकाला पाळीने.

दुपारी नानांचा फोन आला. एरवी सकाळीच करत.

"बेटा, काढला."

"काय?"

"तिचा अर्ज. वाघूरनी काढला. 'वैयक्तिक माहिती, अर्जाचा नमुना.' अन् तिचं तर बरोबर होतं. लेखच चुकीचा आहे. परत घालू का? नुसता नंबर झाकतो अन् घालतो."

मी म्हणाले, "नको नाना. तीन दिवस राहिलेत."

त्यांनी मध्येच फोन ठेवून दिला. तसं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं. आणि मी जे म्हणाले, ते मला आजही बरं वाटत नाही.

आठ दिवसांनी मी त्या सगळ्या पानांचे दुवे प्रस्तावाखाली दिले. काही टीका केली नाही, फक्त लिहिलं, "या आठ दिवसांत आलेली नवी माणसं. यांतलं कुणीही परत आलेलं नाही. याआधीची पानं हिलाल नाना एकट्याने नीट करत होते, इतिहास पाहावा." दोन दिवसांनी वाघूर यांनी लिहिलं, "मी सर्व पाने पाहिली. त्यांतील तिघांना मीच परत पाठवले. फडाबाबतचा अर्ज न वाचताच काढला, हे मान्य करतो. विरोध मागे घेतो." त्यांनी तो अर्जही नंबर झाकून पानावर परत लावला. त्या आठवड्यात बटण सुरू झालं.

मी आनंदाने नानांना फोन केला. ते म्हणाले, "चांगलं झालं. अन् ती बाई?"

त्यांनी इतिहासातून नंबर काढून तिला फोन लावला होता. तिने, "नामंजूर व्हयनं ना? मंग झालं," एवढंच म्हणून ठेवून दिला होता. "आपण जाऊ," नाना म्हणाले. मला वाटलं ते एकटे जातील. पण त्यांनी मला विचारलंच नाही, बस कितीची ते सांगितलं.

साक्रीवरून पिंपळनेर, तिथून जीपने गाव. अंगणवाडी नुकतीच सुटली होती. रंजनाताई पस्तिशीच्या, रजिस्टरं आवरत होत्या. नानांनी ओळख सांगितली आणि लगेच मुद्द्यावर आले, तेही प्रश्न परत वगैरे न म्हणता. "तुमचा अर्ज काढला तेव्हा मी बघत होतो. मला थांबवता आलं असतं. थांबवलं नाही."

"बघत होता?"

"हो."

"अन् काढू दिला?"

"हो."

रंजनाताईंनी रजिस्टर खाली ठेवलं. "मी आबांना सांगितलं होतं, तुमचं नाव आता सगळ्या जगाला दिसणार. रोज विचारायचे, लागलं का, लागलं का. शेवटी मी सांगितलं, वरून नामंजूर झालं. ते म्हणाले, व्हई, आपन कोन शेतस." मग आमच्याकडे वळल्या. "मंग तुम्ही आते कसाले उनात? आता कशाला आलात?"

नाना खाली बघत उभे राहिले.

"मी सांगितलं होतं त्यांना," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "ते परत घालणार होते. मी नको म्हणाले."

"तू कोण?"

मी सगळं सांगितलं. बटणाचं, आठ दिवसांचं, माझ्या इंग्रजी अक्षरांतल्या प्रश्नाचंसुद्धा. परक्या बाईसमोर इतकं सलग मी कधी बोलले नव्हते. त्या ऐकत होत्या, पण चेहरा सैल झाला नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे रस्ता व्हावा म्हणून मला पाडलं."

"हो," नाना म्हणाले. "तसंच."

या खरेपणाचा काहीतरी परिणाम झाला असावा. त्या म्हणाल्या, "आलाच आहात तर फड बघून जा. बंद आहे का चालू ते."

फड चालू होता. हरभऱ्याचा हिरवागार तुकडा, आणि पाटाच्या कडेला फावडं घेऊन वाकलेले त्यांचे सासरे. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. त्यांनी एक बारं, म्हणजे पाटातून शेतात पाणी जायचं तोंड, मातीने बंद केलं, पुढचं फोडलं, पाणी वळलं. मग आमच्याकडे पाहून विचारलं, "मनं नाव लागनं का?"

नाना म्हणाले, "लागेल आबा. पण ते तुमची सून लावेल."

मी चकित झाले. नानांच्या हातात फोन होता, दोन मिनिटांचं काम होतं. परतीच्या जीपमध्ये मी विचारलं तर म्हणाले, "मी लावलं तर पुन्हा तेच झालं ना? मी पुसणार, मी लिहिणार. मग बटण कशाला केलं?" निघताना त्यांनी रंजनाताईंना 'उत्तर द्या' कुठे आहे ते दाखवलं होतं, आणि ताईंनी, "बघू, वेळ झाला की," म्हणून फोन पदराखाली ठेवून दिला होता.

नानांनी लेखाला हात लावला नाही. चर्चेच्या पानावर मात्र फडाबद्दल एक परिच्छेद मसुदा म्हणून लिहिला आणि खाली विचारलं, "ताई, बरोबर आहे का?" एक आठवडा गेला. दुसरा गेला. नाना रोज बघत. वाघूर यांनी लेख दुरुस्त करून टाकू का असं विचारलं, तर नानांनी लिहिलं, "थांबा सर. माणूस वाटेत आहे."

त्या रविवारी मी धुळ्याला त्यांच्याकडेच होते. दुपारी जेवणं झाली होती. नानांचा फोन वाजला, त्यांनी चष्मा चढवला, आणि वाचता वाचता भुवया वर गेल्या. मग मोठ्याने वाचायला लागले.

"'नाना, तुम्ही लिहिलं की पाट साफ करायचं काम गावातली पुरुषमंडळी करतात. हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही एक दुपार आले अन् आबाला पाहिलं अन् लिहिलं. पाटातला गाळ आम्ही बाया काढतो, घरटी एक. मीसुद्धा काढते. माहीत नसेल तर विचारावं. आधी माझा अर्ज काढला, आता खोटं लिहिता. रंजना.'"

सही जागेवर होती. ओळ जागेवर होती. काकू आतून म्हणाल्या, "काय व्हयनं?"

"भांडस ती!" नाना ओरडले.

"कोनासंगे?"

"मनासंगे! चांगली भांडस!" परीक्षेत पास झाल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. "बघ बेटा. विनंती नाही, महोदय नाही. आता ही कुठं जात नाही."

मी माझा फोन काढला. त्यांच्यासमोर बसूनच 'उत्तर द्या' दाबलं आणि लिहिलं, "रंजनाताईंचं बरोबर आहे. नानांनी न विचारता लिहिलं. ते वाक्य काढावं." नानांच्या फोनवर ते लगेच दिसलं. पाठोपाठ वाघूर यांचंही आलं, "सहमत. मसुद्यातील विधानास आधार नाही."

"बठ्ठा मनाच विरोधमा!" सगळे माझ्याच विरोधात, हे नाना काकूंना सांगायला आत गेले. काकू म्हणाल्या, "चांगलं व्हयनं. कोनी तरी पाहिजे व्हतं."

संध्याकाळी पाचच्या सुमारास रंजनाताईंनी लेख स्वतः उघडला. फड बंद पडल्याचं वाक्य काढलं. त्याजागी फड चालू असल्याचं लिहिलं, गाळ काढणाऱ्या बायकांचं लिहिलं आणि शेवटी पाटकरी म्हणून आबांचं पूर्ण नाव. एक काना राहून गेला होता. मी नानांकडे पाहिलं. त्यांच्या बोटापासून ते अक्षर दोन इंचांवर होतं. त्यांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. दहा मिनिटांनी रंजनाताईंनी तो काना स्वतःच दिला.

त्या लेखाच्या इतिहासात आज बऱ्याच जणांची नावं आहेत. रंजनाताईंची सगळ्यांत जास्त वेळा, वाघूर यांचं आहे, माझंही आहे. नानांचं एकदाही नाही.